अट्टू : परत घेतलं, परत दिलं नाही

दुसरं महायुद्ध म्हटलं की आपल्याला पर्ल हार्बर आठवतं, नॉर्मंडी आठवतं, फार तर इवो जिमा. अट्टू कुणालाच आठवत नाही. अलास्कातून अल्यूशियन बेटांची जी माळ पॅसिफिकमध्ये रशियाच्या दिशेने गेलीय, तिच्या पार टोकाचं हे बेट. झाड औषधालाही नाही. धुकं, वारा आणि चिखल मात्र हवा तेवढा.

जून १९४२ मध्ये जपानने ते घेतलं. ११ मे १९४३ ला अमेरिकेची ७ वी इन्फंट्री डिव्हिजन ते परत घ्यायला समुद्रातून उतरली. आता गंमत बघा, या पोरांचं ट्रेनिंग झालं होतं कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात, कारण आधी त्यांना उत्तर आफ्रिकेत पाठवायचा बेत होता. पायात चामड्याचे बूट, आणि खाली बर्फाळ चिखल! (टेस्टिंग एकीकडे आणि प्रॉडक्शन भलतीकडे, हे आपल्या धंद्यात रोजचंच. पण आपला फार तर वीकेंड जातो, पाय जात नाहीत.) तीनेक दिवसांचं काम धरलं होतं, लागले जवळजवळ तीन आठवडे. ५४९ अमेरिकन मेले. जितके गोळ्यांनी जखमी झाले, साधारण तितकेच थंडीने निकामी झाले. २९ मे ला कर्नल यामासाकी उरलीसुरली माणसं घेऊन शेवटचा हल्ला करायला निघाला. जपान्यांचे २,३०० च्या वर गेले, जिवंत सापडले ते तीसही नाहीत.

ऑगस्टमध्ये त्याच माळेतल्या किस्कावर ३४ हजारांची फौज उतरली, तेव्हा जपानी अडीच आठवड्यांपूर्वीच धुक्याआडून सटकले होते. तरी माणसं मेलीच, आपल्याच गोळ्यांनी आणि पेरलेल्या सुरुंगांनी. असो.

मला खटकतो तो 'परत' हा शब्द. परत म्हणजे कुणाला? अट्टूवर एक गाव होतं. चाळीसेक अल्यूट माणसं, मासेमारी, कोल्ह्यांची कातडी, गवताच्या अतिशय बारीक विणीच्या टोपल्या, एक छोटंसं चर्च. जपान्यांनी त्यांना १९४२ मध्येच उचलून होक्काइदोतल्या ओतारूला नेलं. जवळपास निम्मी माणसं तिथे भुकेने आणि आजाराने मेली. १९४५ मध्ये उरलेले सुटले, तर त्यांच्याच सरकारने अट्टूचं गाव पुन्हा वसवून द्यायला नकार दिला. बऱ्याच जणांची रवानगी आत्का नावाच्या दुसऱ्या बेटावर झाली.

शत्रूला आपल्या जमिनीवर बसू कसं द्यायचं, हा मुद्दा मला मान्य आहे. लढाईबद्दल माझी तक्रारच नाही. पण ज्या देशाने त्याच चिखलात हजारो सैनिक उतरवले, वर विमानांची धावपट्टी बांधली, त्याला वीसपंचवीस माणसांची घरं जड झाली? हे काही केल्या पटत नाही राव. मग ५४९ पोरं नकाशातल्या रंगासाठी मेली असंच म्हणायचं का?

१९८८ मध्ये अमेरिकेने कायदा करून अल्यूट लोकांना भरपाई दिली. अट्टूच्या जमिनीबद्दलही पैसेच दिले, जमीन नाही, कारण तोवर ती संरक्षित निसर्गक्षेत्रात गेली होती. २०१० मध्ये तिथलं कोस्ट गार्डचं ठाणंही बंद झालं. तेव्हापासून अट्टूवर कुणीच राहत नाही.