बांधावरचा दगड आणि नॅनोमीटर

सप्टेंबर २०२२ मधे वेदांता-फॉक्सकॉनचा चिपचा कारखाना तळेगाव सोडून गुजरातेत चालला म्हणून केवढी बोंबाबोंब झाली होती, आठवतंय? आमच्या आष्टी तालुक्यातही (जिल्हा वर्धा) एक तळेगाव आहे, श्यामजीपंतांचं. तेव्हा गावात एकाने मला खरंच विचारलं, "आपल्या तळेगावात येनार होती का जी कंपनी?" नाही हो, ते मावळातलं तळेगाव. पुढे जुलै २०२३ मधे फॉक्सकॉनने अंग काढून घेतलं आणि तो कारखाना गुजरातेतही झाला नाही.

जमीन किती, सबसिडी किती, पळवला कोणी, सगळं चघळून झालं. एक प्रश्न मात्र राहून गेला. आपल्याला मोजता येतं का?

हसू नका. चिप बनते ती वेफरवर (बटाट्याच्या नव्हे, सिलिकॉनच्या). ३०० मिलिमीटरची गोल चकती. लिथोग्राफीचं मशीन तिच्यावर प्रकाशाने नक्षी छापतं, एकावर एक अनेक थर. वरचा थर खालच्यावर नेमका बसला पाहिजे. पुढारलेल्या चिपमधे चूक चालते दोन-तीन नॅनोमीटर. आपला केस सत्तर-ऐंशी हजार नॅनोमीटर जाड असतो! आणि वेफर गुमान एका जागी बसलेला नसतो, ज्या टेबलावर तो असतो ते सारखं पळत असतं. म्हणजे खरा प्रश्न छापण्याआधीचा आहे: वेफर या क्षणी नक्की कुठे आहे?

हे मोजायला लेसर इंटरफेरोमीटर असतो. टेबलाच्या आरशावरून लेसर परत येतो, त्याच्या लहरी मोजून अंतर काढतात. पण वाटेतली एक मीटर हवा १ अंशाने तापली तर हिशोब हजार नॅनोमीटरने चुकतो. म्हणून नव्या मशीनमधे बारीक रेघांची जाळी आणि अगदी जवळून वाचणारे एन्कोडर आले. तरी सुटका नाही. वेफर स्वतः अंशाच्या हजाराव्या भागाने तापला की पाऊण नॅनोमीटर फुगतो. मोजण्याची रेघ आणि कामाची जागा यांत एक मिलिमीटर अंतर असेल आणि टेबल एक मायक्रोरेडियन कललं, तर गेला आणखी एक नॅनोमीटर. असली प्रत्येक चूक शोधायची, लिहायची आणि वजा करायची. नेदरलँड्सची एएसएमएल जगाला मशीन विकते ती या चिकाटीवर.

"हे सगळं परदेशी" म्हणून सोडून देऊ नका. आमच्याच जिल्ह्यात, हिंगणघाटला, विल्यम लॅम्बटन २० जानेवारी १८२३ ला वारला. याच माणसाने १८०२ मधे मद्रासजवळ शंभर फुटी पोलादी साखळीने पायारेषा मोजून भारताची त्रिकोणमितीय मोजणी सुरू केली. साखळी उन्हात लांबते म्हणून तिच्याशेजारी थर्मामीटर ठेवून तो दुरुस्ती करायचा. साखळी गेली, लेसर आला, दुखणं तेच.

आता आमच्या घरचं. बांधाच्या वादात दोनदा मोजणी झाली. एकदा शेजारी आमच्यात चार फूट, एकदा आम्ही त्याच्यात. दुसऱ्या वेळी तर सॅटेलाइटवालं मशीन होतं! दोन्ही वेळा सुरुवात वेगवेगळ्या दगडापासून. बाबा म्हणाले, "दगडच सरकला असन, त मशीन का करन बाप्पा?" वेफरवरही असेच दगड असतात, अलाइनमेंट मार्क म्हणतात त्यांना. ते आधी तपासल्याशिवाय मशीन पुढे सरकत नाही. आमच्या नकाशावर मात्र "चूक अधिक-उणे इतकी" असं एक अक्षर नव्हतं. त्या चार फुटांपायी दोन घरं सहा वर्षं एकमेकांच्या लग्नाला गेलेली नाहीत.

आणि मी कोण मोठा शहाणा? मेकॅनिकलला मेट्रॉलॉजीचं प्रॅक्टिकल होतं. आम्ही सीनियरच्या जर्नलमधून रीडिंग छापली. व्हर्नियर हातात घेतला तो तोंडी परीक्षेच्या दिवशी. सरांना माहीत होतं, आम्हाला माहीत होतं की सरांना माहीत आहे. एका मित्राने खरं मोजलं, त्याचं उत्तर "चुकलं" म्हणून त्याला पुन्हा लिहायला लावलं. चार वर्षांत मी शिकलेला सगळ्यात पक्का धडा हाच: उत्तर आधी, मोजमाप नंतर. मग आयटीत आलो, तिथे तर काय, चुकलं तर सोमवारी पॅच.

म्हणाल, मशीन विकत घेऊ की. घ्या ना! टाटांचा धोलेऱ्याचा कारखाना फेब्रुवारी २०२४ मधे मंजूर झालाच आहे, आनंदच आहे. पण विकतच्या मशीनलाही तापमान, धक्के, खुणा रोज तपासणारी माणसं लागतात. आलेला आकडा नावडता असला तरी तसाच लिहिणारी. ती सबसिडीत मिळत नाहीत.

म्हणून कारखाना कुठे जातो यावर भांडणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच की पोरांचं जर्नल एकदा उघडून बघा. खऱ्या रीडिंगला मार्क द्या, उत्तर चुकलं तरी. मोजणीच्या नकाशावर चूक किती ते लिहा.

असो. दिवाळीत गावी जाईन तेव्हा शेजारच्या काकांना घेऊन तो दगड शोधायचा विचार आहे. येतील का, माहीत नाही.