धावणाऱ्यांना अर्धशक्तीचा सल्ला

जानेवारीत होणारी मुंबई मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली. आज बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात, गोरेगावच्या आरे वसाहतीत रविवारी पहाटे हौशी धावपटूंचे गट सराव करताना दिसतात. हे स्वागतार्हच आहे. प्रश्न ऋतूचा आहे. शर्यत शिशिरात असली, तरी तिची तयारी अनेकजण भर पावसाळ्यात आरंभतात. तेव्हा अग्नी मंद, बल अल्प आणि वात प्रकुपित असतो. वाग्भटाचार्यांनी तर बलवान व स्निग्धभोजी मनुष्यासही शीतकाली व वसंतातच अर्धशक्तीने, अन्य ऋतूंत त्याहूनही अल्प व्यायाम सांगितला आहे.

शर्यतीचे ४२ किलोमीटर अर्धशक्तीत बसत नाहीत, हे मान्य. म्हणूनच निदान सराव तरी मर्यादेत हवा. कपाळी व काखेत घाम, मुखशोष ही लक्षणे दिसताच थांबावे. अंतर हेमंतात वाढवावे.

गुडघेदुखी घेऊन आलेल्या धावपटूची गुग्गुळ आणि तेलाची बाटली देऊन बोळवण करणे सोपे आहे. वैद्यांनी व औषधविक्रेत्यांनी आधी तो किती धावतो, काय खातो, किती झोपतो हे विचारावे. छातीत दुखत असल्यास मात्र त्यास विनाविलंब रुग्णालयात पाठवावे. हेतुत्याग हीच पहिली चिकित्सा होय.