इंजेक्शन अडलं कुठं?

‘अर्जंट! लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिन बी हवंय. पेशंटचं वजन ६० किलो.’ २०२१ मध्ये असा मेसेज तुमच्याही ग्रुपवर आला असेल. आमच्या भिवंडीतल्या कॉलेज ग्रुपवर लेक्चरच्या लिंकपेक्षा हेच जास्त फिरत होतं. मीही चार केमिस्टना फोन लावले. चौघांचं उत्तर एकच, ‘माल नाही.’ आणि कित्येक औषध कंपन्यांचे डेपो आमच्याच गोदामांत आहेत बरं का!

मेसेजमध्ये वजन का, असा प्रश्न पडला असेल. म्युकरमायकोसिसमध्ये किलोमागे दिवसाला साधारण ५ मिलिग्रॅम डोस लागतो. ६० किलोला ३०० मिलिग्रॅम. एका वायलमध्ये ५०, म्हणजे रोज ६ वायल, तेही काही आठवडे. तेव्हा एकीची किंमत पाच-सात हजार होती. करा हिशेब.

अ‍ॅम्फोटेरिसिन तसं जुनं औषध, १९५० च्या दशकातलं. ते बुरशीच्या पेशीचं आवरण फोडतं, पण त्याचं साधं रूप किडनीलाही दणका देतं. म्युकरचे बरेच पेशंट डायबेटिसवाले, त्यांची किडनी आधीच नाजूक. म्हणून औषध लिपिडच्या, म्हणजे स्निग्ध पदार्थाच्या, अतिसूक्ष्म फुग्यांमध्ये बसवतात. त्या फुग्याचं नाव लायपोसोम. त्यामुळे किडनीवरचा मार खूप कमी होतो. (फायझर-मॉडर्नाची लससुद्धा लिपिडच्याच कणांत गुंडाळलेली असते.)

मेख इथंच आहे. हे लिपिड म्हणजे घरातलं तेल-तूप नव्हे. ते अतिशुद्ध लागतं आणि बनवणारे मोजके. कोविडआधी या औषधाला मागणीच थोडी होती, म्हणून कुणी जास्त बनवत नव्हतं. अचानक मागणी वाढली तरी लिपिड मागवणं, बॅच बनवणं, ती निर्जंतुक आहे का हे तपासणं, यातलं काहीच रातोरात होत नाही. काळाबाजार झाला, ते संतापजनकच. पण सगळं खापर त्यावर फोडून चालणार नाही.

बरं, आपल्याला हे जमत नाही असंही नाही. परळच्या केईएममध्ये डॉ. नीलिमा क्षीरसागर यांच्या टीमनं १९९० च्या दशकातच देशी लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिनवर काम करून ते पेशंटपर्यंत नेलं. लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिन बनवणाऱ्या भारत सीरम्सचा कारखाना तर आपल्याच ठाणे जिल्ह्यात, अंबरनाथला आहे.

१२ जून २०२१ ला जीएसटी परिषदेनं या औषधावरचा ५ टक्के कर तात्पुरता शून्यावर आणला. चांगलंच झालं. पण करमाफीनं लिपिड तयार होत नाही. सरकारनं साथ नसतानाही ठरावीक साठा विकत घेण्याची हमी दिली, तरच कंपन्या कच्चा माल हाताशी ठेवतील, असं मला वाटतं.

त्या ६० किलोच्या पेशंटसाठी शेवटी १० वायल मिळाल्या. ग्रुपवर सगळ्यांनी हात जोडलेले इमोजी टाकले. दोन दिवसही पुरणार नव्हत्या.