बदलीचा माणूस कोणी शोधावा ?

राहू बेटात उसाचे गुऱ्हाळ एकदा पेटले म्हणजे ते कोणाच्या सोयीसाठी थांबत नाही. काहिलीत रस उकळत असता गुळव्या तापाने आडवा झाला, तर त्याच्या जागी दुसरा जाणता माणूस तत्काळ उभा करावा लागतो. न केला तर सगळे आधण वाया जाते. अशा वेळी धावाधाव करणे हे गुऱ्हाळाच्या मालकाचे काम, आजाऱ्याचे नव्हे, हे कोणीही शेतकरी सांगेल. याच मुलखातील तरुण आज कुरकुंभ व रांजणगाव येथील कारखान्यांत पाळीने कामास जातात. पाळी म्हटली की खाडा आलाच आणि खाडा आला की बदली आला. हा बदली शोधावयाचा कोणी, एवढाच आजचा प्रश्न आहे. कारखाना असो, रुग्णालय असो की पहाऱ्याची चौकी असो, 'रजा हवी तर तुझा माणूस तूच आण' असे जेथे कामगारास ऐकविले जाते, तेथे उघड अन्याय होतो, असे आमचे मत आहे.

मुंबईच्या कापड गिरण्यांनी हा धडा पूर्वीच गिरविला आहे. रिकाम्या साच्यावर कोणास उभे करावयाचे हे जॉबरच्या मर्जीवर होते आणि त्या मर्जीस दस्तुरी मोजावी लागे. १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या शाही मजूर आयोगाच्या अहवालाने या लाचखोरीवर बोट ठेवले. पुढे १९३५ साली गिरणीमालकांच्या संघाने बदली-नियंत्रणाची पद्धत सुरू केली. महिन्याच्या आरंभी निवडक माणसांस कार्डे द्यावयाची, त्यांनी रोज सकाळी हजर व्हावयाचे आणि रिकाम्या जागा त्यांच्यातूनच भरावयाच्या, अशी ती होती. माणूस शोधणे हे मालकाचे काम आहे, याची ती कबुलीच नव्हे काय ? मात्र काम न मिळालेला बदली रिकाम्या हाताने चाळीत परतत असे, हा तिचा मोठा दोष होय.

कायद्याची दिशाही हीच आहे. १९४८ च्या कारखाने कायद्याने वर्षात २४० दिवस काम करणाऱ्यास दर २० दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा दिली. २०२० च्या संहितेने ती अट १८० दिवसांवर आणली. हक्क म्हणून रजा द्यावयाची आणि तिची किंमत म्हणून बदली मागावयाचा, हे एका हाताने देऊन दुसऱ्या हाताने काढून घेणे होय. परंतु कायद्याने बदलीस मात्र पोरके ठेवले. काम नाही म्हणून घरी बसविलेल्या कामगारास निम्मी भरपाई देणाऱ्या १९५३ च्या तरतुदीतून तो वगळला गेला आणि २०२० च्या संहितेनेही त्यास वगळलेच. वर्षभराची अखंड नोकरी भरली तरच तो या वर्गातून सुटतो. ती भरूच न देणे चतुर मालकास कठीण नाही.

कोणी म्हणेल, कामगार न सांगता खाडे करतात त्याचे काय ? आक्षेप खरा आहे. पूर्वसूचना न देता जो घरी राहतो, तो मालकाचे नव्हे, तर आठ तास राबून सुटणाऱ्या आपल्या सोबत्याचेच नुकसान करतो. कारण बहुधा त्यालाच पुढची पाळी ओढावी लागते. अशा खाड्यास नियमाने शासन व्हावे. पण एकाच्या अपराधासाठी साऱ्यांची रजा ओलीस ठेवणे हा न्याय नव्हे. शिवाय रसायनाच्या कारखान्यात सोळा तास जागलेला माणूस यंत्रापाशी उभा करणे म्हणजे जीवाशी खेळ आहे.

म्हणून आमचे म्हणणे थोडक्यात असे : प्रत्येक कारखान्याने राखीव माणसांची क्रमवार यादी फलकावर लावावी, बोलावून परत पाठविलेल्या बदलीस हजेरीचा मोबदला द्यावा, जादा पाळी राजीखुशीने व कायद्याप्रमाणे दुप्पट दराने असावी. गुऱ्हाळाच्या मालकास जे उमगते, ते मोठ्या भांडवलाच्या धन्यास उमगू नये, हे स्वराज्यास शोभत नाही.