खांद्याचा ताळेबंद

आमच्या थोरल्या बंधूंनी कापडाच्या दुकानात 45 वर्षे उंच फळीवरचे तागे उतरविले. गेल्या पावसाळ्यात त्यांचा उजवा हात खांद्याच्या वर जाईना आणि रात्री त्या कुशीवर झोप लागेना. एमआरआय तपासणीत खांद्याची एक कंडरा फाटल्याचे निदान झाले. दोन शल्यविशारदांनी दोन निराळ्या पद्धती सुचविल्या. खर्चातही मोठी तफावत. दादा मला म्हणाले, "जन्मभर कर्जप्रकरणे तपासलीस, आता हे प्रकरण तपास."

खांद्याचा सांधा चार स्नायूंच्या कंडरांनी जागेवर धरलेला असतो. स्नायू हाडाला जोडणारी ही दोरी झिजून किंवा अपघाताने तुटते. ती शिवण्याची शस्त्रक्रिया बॉस्टनचे डॉ. कॉडमन यांनी 1909 मध्ये केली. आज तीन मार्ग प्रचलित आहेत. खुल्या पद्धतीत मोठा छेद घेऊन वरचा डेल्टॉइड स्नायू हाडापासून काही अंशी सोडवावा लागतो. लहान छेदाच्या पद्धतीत तो न सोडवता तंतूंच्या दिशेने विलग करतात. दुर्बिणीच्या पद्धतीत बारीक छिद्रांतून हाडात अँकर बसवून त्याच्या धाग्यांनी कंडरा बांधतात.

दुर्बिणीची पद्धत नवी, म्हणून तिचे फळ अधिक, असा आपला समज असतो. ब्रिटनमध्ये 273 रुग्णांवर झालेल्या तुलनेत मात्र खुली पद्धत आणि दुर्बीण यांच्या परिणामांत दोन वर्षांनंतर लक्षणीय फरक आढळला नाही. अँकरची एक रांग की दोन, हा खर्च वाढविणारा दुसरा प्रश्न. मोठ्या फाटीत दोन रांगांमुळे कंडरा पुन्हा सुटण्याचे प्रमाण कमी दिसते. लहान फाटीत हाताच्या कार्यक्षमतेत विशेष अंतर पडत नाही. पद्धत कोणतीही असो, काही आठवडे हात झोळीत आणि पुढे कित्येक महिने व्यायाम, हे देणे चुकत नाही.

फिनलंडमधील 2014 च्या अभ्यासाने तर आणखी मूलभूत प्रश्न विचारला. 55 वर्षांवरील, इजेविना झालेल्या फाटीत केवळ व्यायाम घेणारे आणि शस्त्रक्रिया केलेले यांच्यात वर्षाअखेर लक्षणीय फरक नव्हता. तरुण वयात किंवा पडून अचानक फाट झाल्यास मात्र विलंब महागात पडतो. कंडरा आखडते, स्नायू चरबीने भरू लागतो आणि पुढे शिवणे कठीण होते.

दादांची फाट लहान, झिजेची. हे सारे घेऊन आम्ही पुन्हा डॉक्टरांकडे गेलो. त्यांच्या संमतीने प्रथम तीन महिने व्यायाम ठरला. आता दादांना झोप लागते. फाट वाढू शकते, म्हणून तपासणी चालू आहे. शस्त्रक्रियेचे दार बंद केलेले नाही.

वाचकहो, अंदाजपत्रक हाती आले की प्रथम रक्कम पाहू नका. फाट केवढी, कशाने झाली आणि थांबल्यास काय बिघडेल, हे तीन प्रश्न डॉक्टरांना विचारा. व्यायामापेक्षा दादांना अवघड गेले ते निराळेच: वरच्या फळीवरचे तागे आता नातू उतरवितो आणि ते खाली बसून पाहतात.