माळावरचा ओलावा राखा



जव्हार-मोखाड्यात वर्षाला शंभर इंचांच्या आसपास पाऊस कोसळतो आणि एप्रिल उजाडला की आपल्याच आयाबहिणी बुडकीच्या काठी वाटीवाटीने हंडा भरत बसतात. बहुतेक पाणी उतारावरून वैतरणेला जाते. थोडे मुरमात मुरते, खालच्या अखंड कातळाला अडते आणि कातळ उघडा पडतो तिथे पाझरते. लव्हाळा माजलेली, पाय रुतणारी उपळट जागा तीच.

अशी जागा दिसली की चर काढून सुकवावी, दोन गुंठे नाचणी वाढेल, असे वाटते. तो मोह टाळा. चरातून ओलावा निघून गेला की खालची बुडकी लवकर आटते. झरा मोठा करायला सुरुंग तर लावूच नका. कातळ फुटला तर पाणी खाली निसटते.

विलायतेतही हेच झाले. तिथल्या थंड डोंगरमाथ्यावर दलदलीत अर्धवट कुजलेल्या शेवाळाचा थर हजारो वर्षे साचला, त्याला पीट म्हणतात. (आपल्याकडे उष्णतेने सगळे कुजून जाते, निलगिरीच्या माथ्यावर मात्र पीट आहे.) चराईसाठी लोकांनी चर खणून दलदल सुकवली. आता तेच चर ते बांध घालून अडवतात आणि जमिनीत नळ्या पुरून पाण्याची पातळी मोजतात.

तुमच्या माळावर जुना चर असेल तर गवताच्या मुळांसकट मातीने आणि दगडांनी तो जागोजागी अडवा. खालच्या बांधाचे पाणी वरच्या बांधाच्या पायथ्याला टेकावे, एवढे अंतर ठेवा. समतल चर घ्यायचे ते ओल्या जागेच्या वरच्या उतारावर. तिथला पालापाचोळा राबासाठी झाडून नेऊ नका. गादीवाफ्यावर कुजलेले शेणखत घालूनही रोप चांगले येते.

मोजायला नळ्या नकोत, हंडा पुरे. झऱ्याच्या तोंडाशी बांबूची पन्हळ बसवा. १५ लिटरचा हंडा एका मिनिटात भरला तर ताशी ९०० लिटर, दिवसरात्र मिळून २१,६०० लिटर पाणी झाले. नुसती बुडकी असेल तर ती उपसून पुन्हा भरायला किती वेळ लागतो ते पाहा. दर अमावास्या-पौर्णिमेला शाळकरी मुलीकडून वहीत नोंद करून घ्या. यंदाचा एप्रिल पुढच्या एप्रिलशी ताडून पाहा, पण पाऊस कमी-जास्त झाला होता का तेही शेजारी लिहा.

वरचा उतार वनखात्याचा असेल तर कुदळ मारण्याआधी ग्रामसभेचा ठराव करून परवानगी घ्यावी.