हर्पीसच्या लेपांची एकदा नीट परीक्षा घ्या

मा. महासंचालक,
केंद्रीय आयुर्वेदीय विज्ञान अनुसंधान परिषद,
नवी दिल्ली यांस,



तालुक्याच्या गावात माझं औषधांचं दुकान आहे. ओठावर तापाचे फोड आलेल्या बायका, नागीण झालेले म्हातारे, जननेंद्रियांवरच्या हर्पीससाठी आवाज खाली आणून मलम मागणारी तरुण मुलं, सगळी याच काउंटरवर येतात. त्यांतली बरीच जणं विचारतात, "आयुर्वेदिक काही आहे का?" मी कपाटातून ट्यूब काढून देते. तिचा गुण कितपत येईल, हे मात्र मला सांगता येत नाही. ते शोधून सांगण्याचं काम तुमच्या परिषदेचं आहे, म्हणून हे पत्र.

वनस्पतींत काही दम नाही, असं मी मुळीच म्हणत नाही. आपल्या घरोघरी असणाऱ्या ज्येष्ठमधातलं ग्लिसिरायझिक आम्ल हर्पीस सिम्प्लेक्सचा विषाणू निकामी करतं, हे इटलीतल्या संशोधकांनी १९७९ साली 'नेचर'मध्ये मांडलं होतं. पण ते प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर. माणसाच्या ओठावर लावलेलं मलम त्वचेत किती मुरतं, फोड यायच्या आधी मुंग्या येतात तेव्हाच लावलं तर काय फरक पडतो, हे माणसांवर तपासल्याशिवाय कळत नाही.

इतरांनी दुसऱ्या वनस्पती तशा तपासल्या. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या स्वित्झर्लंडमधल्या एका अभ्यासात १४५ रुग्णांचे ओठांवरचे फोड किती दिवसांत भरतात, ते पाहिलं. रेवंदचिनीच्या कुळातल्या वनस्पतीचा आणि सेजचा एकत्र अर्क असलेल्या मलमाने सरासरी ६.७ दिवस लागले, नुसत्या सेजने ७.६ आणि अ‍ॅसायक्लोव्हिर या विषाणूरोधक औषधाच्या मलमाने ६.५.

मला जास्त मोलाचा वाटतो तो न्यूझीलंडचा प्रयोग. तिथे कानुका झाडाच्या फुलांवरचा मध आणि अ‍ॅसायक्लोव्हिरचं मलम यांची तुलना ९५२ जणांवर झाली आणि हे रुग्ण गोळा केले गावोगावच्या औषधदुकानांनी. २०१९ मध्ये निकाल आला: त्वचा पूर्ववत व्हायला अ‍ॅसायक्लोव्हिरने आठ दिवस लागले, मधाने नऊ. फरक दखल घेण्याजोगा नव्हता. पण बरोबरी झाली म्हणजे मध जिंकला, असंही नाही. अ‍ॅसायक्लोव्हिरचं मलम स्वतःच फोड फार तर दिवसभर आधी बरा करतं. म्हणून आपल्याकडे असा प्रयोग कराल तेव्हा तिसरा गट औषधाविना साध्या मलमाचा ठेवा. नाहीतर आपोआप बरं होण्याचं श्रेय लेपाला जाईल.

तोवर निदान खोक्यांवरचा मजकूर तरी ताळ्यावर आणायला हवा. माझ्या हाती आलेल्या एका ट्यूबवर हर्पीस, नागीण, खरूज, गजकर्ण सगळं एका ओळीत छापलेलं होतं. पहिल्या दोन रोगांचे विषाणू वेगळे, खरूज किड्याची आणि गजकर्ण बुरशीचं. चारही एकाच मलमाने कसे जातील? आणि खोक्यांवरचं 'मुळापासून बरं' हे तर साफ खोटं. हर्पीसचा विषाणू मज्जातंतूंच्या गाठींत दडून बसतो. कुठलाही लेप तिथे पोहोचत नाही, अ‍ॅसायक्लोव्हिरची गोळीसुद्धा त्याला तिथून हुसकावू शकत नाही.

लेपावर विसंबल्याची किंमत कशी मोजावी लागते, ते मी पाहते. एक गृहस्थ अर्ध्या कपाळावर गेरू आणि दूर्वांचा लेप थापून दुकानात आले. लेपाखालून फोड पापणीवर उतरले होते, एक नाकाच्या शेंड्यावर होता. नाकाच्या शेंड्यावरचा फोड म्हणजे डोळ्याला धोका असल्याची खूण. नागिणीत विषाणूरोधक गोळ्या शक्यतो पहिल्या ७२ तासांत सुरू व्हाव्या लागतात. त्यांचा आठवडा लेपात गेला होता. मी त्यांना तसंच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं.

म्हणून डोळ्याजवळ फोड आले, गरोदरपणात जननेंद्रियांवर आले, किंवा तान्ह्या बाळाला आले, तर लेप लावत न बसता लगेच डॉक्टरांकडे जा, एवढं प्रत्येक खोक्यावर ठळक मराठीत असावं. परवाने देणाऱ्या खात्यांपुढे हा आग्रह तुमच्या परिषदेने धरला, तर त्याला वजन येईल.

आणि प्रयोग सुरू करा. ज्येष्ठमध घ्या, कोरफड घ्या, पण एका वेळी एकच, ठरलेल्या मात्रेत. वरळीला तुमची संस्था आहे, तिथून आरंभ होऊ शकतो. आधी क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत नोंद करा आणि लेप नापास झाला तरी निकाल छापा. रुग्णांची नोंद ठेवायला, त्यांना समजावून सांगायला माझं दुकान तयार आहे. माझ्यासारखे आणखी औषधविक्रेते पुढे येतील. तुम्ही आम्हाला बोलवा.

आपली,
एक औषधविक्रेती